गोरी नर्स आणि मी
साठ-एकसष्ट साली केळापूरजवळच्या आमच्या दवाखान्यात डेन्मार्कची एक नर्स आली आणि बायका मला, तिथल्या जुन्या सुईणीला, सोडून तिलाच विचारू लागल्या. ती चारचौघांत माझी चूक दाखवायची. तिच्या देशात ती रीतच होती. मला मात्र झोंबायचं.

एकदा डॉक्टर यवतमाळला गेले असताना एक बाळंतीण अडली. मूल पायाळू होतं. नर्सचे हात सराईत होते, पण तिची तोडकी मराठी त्या घाबरलेल्या बाईला कळेना. मग नर्सनं सांगायचं आणि मी बाईच्या कानाशी वऱ्हाडीत समजवायचं, असं करत मुलगी सुखरूप झाली.

"मले गोऱ्या बाईनं वाचवलं," आई म्हणाली.

"दोघींनी," नर्स म्हणाली.

पुढची बाळंतपणं आम्ही मिळूनच केली. तरी त्या मुलीला नर्सचंच नाव ठेवलं, तेव्हा माझा जीव जळलाच.