कापडपेठेत पुन्हा बस्ता

मी निघाले तेव्हा सातारच्या स्टँडवर आई आणि दादा आले होते. बाबा आले नाहीत. "मला तितं उभं राहवनार न्हाई," म्हणाले आणि शेतात गेले. नवी बॅग, तिला नवं कुलूप, पर्समध्ये मेलबर्नचं तिकीट. सगळ्यांना वाटत होतं मी नोकरीसाठी चालले आहे. नोकरी होतीच. पण मला घरातून बाहेर काढलं ते सांगलीच्या कापडपेठेतल्या एका दुकानानं, आणि हे आईला ठाऊक होतं. बस हलली तेव्हा ती एवढंच बोलली, "तितं कुनी तुला उभं करून बघनार न्हाई."

जे झालं ते एकदा नीट सांगून टाकते, कारण भावकीत त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरतात. माझं लग्न माधवनगरच्या एका यंत्रमागवाल्या घरात ठरलं होतं. दोन्हीकडची माणसं बस्त्याला पेठेत जमली. पांढऱ्या गादीवर एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही. आईच्या हातात हळदकुंकवाचा पितळी करंडा. पहिल्या साडीला हळदकुंकवाचं बोट लावलं की ती साडी आपली, मग ती परत फिरत नाही, अशी आमच्याकडची रीत. दुकानातल्या माणसानं आंब्याच्या रंगाची साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि मला आरशाकडे वळवलं. मुलाच्या आईनं आरशातूनच पाहिलं आणि म्हणाली, "साडी बरी हाय. पोरगी बदलाय पायजे."

तिची माणसं हसली. ते एक वेळ मी समजू शकले असते. पण गल्ल्यावरचा मालकही हसला आणि नोकरांना म्हणाला, "घड्या घाला रे, हे गिऱ्हाईक नाही." माझ्या खांद्यावरची साडी त्यांनी ओढून घेतली. बाबांनी टोपी सरळ केली. आई पायरीवर चपला शोधत होती आणि घाईत तिला त्या सापडत नव्हत्या. करंडा तिनं छातीशी धरला होता, न उघडलेला.

लग्न मोडलं. त्यानंतर मी शिरवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं आणि तिथून मेलबर्नला गेले. तिथं एका गोदामात मी शिफ्टचं रोस्टर लावते, ट्रक कधी येणार, माल कुठं उतरणार ते ठरवते. काम मला जमतं. लोक म्हणतात परदेशात गेलं की माणूस जुनं विसरतो. तुमच्यातले जे माझ्यासारखे गेले त्यांना माहीत आहे, तिथं विसरायला वेळच मिळत नाही. पेठेत पुराचं पाणी शिरल्याचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला, तेव्हा मी सुपरमार्केटच्या रांगेत ट्रॉली धरून तो थांबवून थांबवून पाहिला. मी ते दुकान शोधत होते. पाणी पाटीपर्यंत चढलेलं दिसलं आणि मला बरं वाटलं. आईनं तर बस्त्याच्या त्या दिवसापासून सांगलीचं लुगडं अंगाला लावलं नाही.

मुलाची आई पुढं वारली. तिचं काय करायचं ते वरचा बघेल. दुकान मात्र जागेवर होतं.

म्हणून दादाच्या ऋतुजाचं लग्न म्हसवडला ठरल्यावर मी फोनवर सांगितलं, बस्ता सांगलीत, कापडपेठेत, आणि आत्या म्हणून दुकान मी ठरवणार. दादा म्हणाला, "त्येच?" मी म्हटलं, "तेच."

तुमच्यापैकी कुणाला जायचं झालं तर रस्ता सांगून ठेवते. पुण्याच्या विमानतळावर सकाळी उतरा, टॅक्सी आधी ठरवलेली बरी. शिरवळला नाश्ता उरका, कारण पुढं खंबाटकीला ट्रकच्या मागं किती अडकाल सांगता येत नाही. आमची माणसं वाढे फाट्यावर गाडी लावून उभी होती. आईला मी माझ्या टॅक्सीत घेतलं. तिथून कराड, मग पेठनाक्याला हायवे सोडायचा, आष्ट्यावरून सांगली. आत गाडी घालू नका. गणपतीच्या देवळाजवळ उतरा आणि चालत जा. पेठ पूर्वीसारखीच अरुंद आहे, फक्त भिंतींवर पुराच्या खुणा रंगवल्या आहेत. रस्ताभर आईनं मांडीवर पिशवी धरली होती. पिशवीत करंडा होता.

माझा बेत असा होता: भरपूर साड्या काढायला लावायच्या, चहा आला की काही न घेता उठायचं. मालक आता म्हातारा, खुर्चीत बसलेला. त्यानं मला ओळखलं नाही. "फॉरेनच्या ताईंना वरच्या कपाटातल्या दाखवा," म्हणाला. चहा आला. मी उठणार तेवढ्यात आईनं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"आनी दाखव," ती दुकानातल्या मुलाला म्हणाली. त्यानं दाखवल्या. "आनी." पैठण्या झाल्या, इरकली झाल्या, म्हसवडहून आलेल्या आमच्या विहीणबाई खूश होऊन प्रत्येकीला हात लावत होत्या. गादीचा पांढरा रंग दिसेनासा झाला. शेवटी आईनं ऋतुजाच्या खांद्यावर आंब्याच्या रंगाची साडी टाकायला लावली. ऋतुजा माझ्याच सावळ्या रंगाची. आईनं तिला डोळे भरून पाहिलं.

"हीच ना, मावशी?" म्हातारा पुढं झुकला. "मग लावा हळदकुंकू."

आईनं करंडा काढला. उघडला. त्यात बोट घालता घालता थांबली आणि खट्कन झाकण लावलं.

"घड्या घाला," ती म्हणाली. "आमी गिऱ्हाईक न्हाई."

म्हाताऱ्याला आठवलं की नाही, मी विचारलं नाही. विहीणबाईंना मात्र बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं, मग आदी सांगायचं की! मी आनी दोन कपाटं उघडाय लावली असती."

समोरच्या लहान दुकानात ऋतुजाला तसलीच साडी मिळाली. तिथं आईचा करंडा उघडला.

मेलबर्नला परतल्यावर शेजारीण विचारत होती, होम कसं होतं? छान, म्हटलं. तिला काय सांगणार? सातारचं घर दादाच्या नावावर आहे, इथलं बँकेच्या. मला विचाराल तर माझं घर म्हणजे त्या दुकानाची पायरी. या खेपेला चपला समोरच पडल्या होत्या, तरी माझी आई तिथं उभी राहून त्या सावकाश शोधत होती, आणि आत माणसं घड्या घालत होती.