केळीच्या काट्यावर आमची मुलगी

आमच्या मुलीचं पहिलं वजन दवाखान्यात झालं आणि नंतरची सगळी आमच्या केळीच्या काट्यावर.

बायकोची, ज्योत्स्नाची, आई गेलेली. म्हणून बाळंतपण धुळ्याला माहेरी न होता इकडे चोपड्याजवळ आमच्याकडेच झालं. पोर जरा नाजूक होती. "अंगावरचं दूध पुरतंय ना, लक्ष ठेवा," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी केळी पिकवणारा माणूस. लक्ष ठेवायचं म्हणजे वजन करायचं, एवढंच मला कळतं!

पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन. काटा अंगणात, पोर टोपलीत, मी घोषणा करायला उभा.

"आधी दोन किलो आठशे! नंतरही दोन किलो आठशे!"

शेजारचे नाना कुंपणावरून ओरडले, "भाऊ, दुपटानं वजन कट कर!" (व्यापारी आमच्या घडांतून दांड्याचं वजन कापतो, तो राग नानांनी दुपट्यावर काढला.)

माझी माय आतून धावत आली. "अरे, पोर शे का केयांना घड? उतार तिले!"

पण मी कसला ऐकतोय! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अर्धा तास पाजूनही आकडा ढिम्म हलेना. मी मोठ्या शहाणपणानं ज्योत्स्नाला म्हणालो, "अगं, तुला दूधच येत नाहीये बहुतेक."

त्यानंतर पोर रडली की ती आधी मायकडे बघायची, मग बिचकत पदराखाली घ्यायची आणि लगेच खाली ठेवायची. मायनं अळिवाची खीर केली, शेपूची भाजी केली. ताट तसंच परत यायचं.

आठवड्यानं दवाखान्यात गेलो, तर वजन खरंच वाढलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी अंगावर पाजा, मग वरून पावडरचं दूध द्या. यात कमीपणा काही नाही." ज्योत्स्ना परतीच्या वाटेवर नुसती रडत होती.

घरी पाणी उकळलं, डब्यावर लिहिलं होतं तसंच मापून चाळीस मिली दूध केलं. मायनं वाटी-चमच्यानं पाजलं. पोरीनं थेंबही सांडला नाही. मी सवयीनं काट्यावर ठेवली.

आधी होता, तोच आकडा!

"मंग आते हाई दूध कोठे गयं?" मायनं विचारलं.

मी काट्याकडे बघतच राहिलो. आमचा काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या उड्या मारतो. चाळीस-पन्नास ग्रॅमसाठी तो डोळाही उघडत नाही, आणि घड मोजताना ते कोणी विचारतही नाही.

"म्हणजे अहो, तेव्हाही ती पीत होती?" ज्योत्स्नानं हळूच विचारलं.

"हो."

"मग मी तिला उगाच खाली ठेवत होते?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पोर आता गुटगुटीत आहे. पाजणं कमी झाल्यानं आटलेलं अंगावरचं दूध पुन्हा आलं, पण पहिल्यासारखं नाही. पावडरचा डबा घरात राहिलाच. बाया विचारतात, "वरचं दूध का लागलं? आईला कमी पडत होतं का?"

मी मध्येच सांगून टाकतो, "आईला भरपूर होतं हो, बापाला अक्कल कमी पडली. आणि अकलेची वरून द्यायची पावडर चोपड्यातल्या एकाही मेडिकलमध्ये मिळत नाही!"