मिशीवाली माहेरवाशीण

नर कोण आणि मादी कोण, हे ओळखण्याचं काम आमच्या घरात माझ्याकडून काढून घेण्यात आलं आहे. पदवी प्राणिशास्त्राची असूनही! (पदवीनंतर मी निवृत्तीपर्यंत विमा कार्यालयात खुर्ची गरम केली, हा भाग वेगळा.)

मे महिना होता. आमची एकुलती एक रश्मी पहिल्या बाळंतपणासाठी नागपुरात हुडकेश्वरला आमच्याकडे आली होती आणि दिवस भरत आले होते. 'पोरीला फुलासारखं जपू,' असं मी व्याह्यांना छाती ठोकून सांगितलं होतं. म्हणून तिच्या खोलीत नवा कूलर बसवला, खसची नवी ताटी लावली आणि बटण दाबायला गेलो, तर कूलरच्या वर भिंतीवर माझ्या पंजाएवढा कोळी! चपटा, तपकिरी, तंगड्या पसरून निवांत बसलेला. असला कोळी मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी चप्पल उचलली. ती आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कुसुमने, वरच्या वर काढून घेतली.

"घरात पोटुशी पोर हाय, अन् तुम्ही जीव घेऊन राहिले?"

तिच्या माहेरी ही रीतच आहे. घरात गर्भार बाई असली की मुंगीसुद्धा मारायची नाही. बरं, मारायचा नाही तर निदान तो कोण हे तरी कळायला हवं! विषारी निघाला तर रश्मीची खाट मागच्या खोलीत न्यावी लागणार, आणि मागच्या खोलीला कूलर लावायला खिडकीच नाही. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत पापडसुद्धा भाजून निघाले असते. तिथे पोरीला कसं ठेवायचं, या विचाराने मलाच घाम फुटला.

मोबाइलवर फोटो काढून ओळख पटवता येते असं ऐकलं होतं. मी स्टुलावर चढून फोटो काढला. स्टूल इतकं डुगडुगत होतं की मोबाइलने आधी तो खेकडा असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या फोटोनंतर छताचा पंखा. मग शेजारच्या वानखेड्यांना बोलावलं. ते कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातल्या प्रत्येक धोक्याची त्यांना माहिती! त्यांनी दारातूनच पाहिलं आणि आत यायचं टाळलं. असाच एक जीव कोराडीला एकाच्या हाताला चावला होता आणि हात कोपरापर्यंत सुजला होता, म्हणे. (तो जीव गांधीलमाशी होता, हे त्यांना चहा प्यायल्यावर आठवलं.)

एव्हाना माझ्यातला प्राणिशास्त्रज्ञ जागा झाला होता. चष्मा पुसून मी पुन्हा स्टुलावर चढलो. कोळ्याच्या तोंडावर फिकट पिवळी आडवी पट्टी दिसली. थेट मिशी! मी जाहीर केलं की हा नर आहे, आणि नर एका जागी टिकत नाही, तेव्हा दोन दिवसांत आपणहून निघून जाईल.

"तुम्ही कुठं गेले? रिटायर झाल्यापासून घरातच तर हाय," कुसुम म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. कोळ्याने पोटाखाली एक पांढरी गोल चकती घट्ट धरली होती. कुसुमच्या पापड्या गच्चीवर वाळत होत्या. म्हणजे हा नुसता नर नव्हे, चोरसुद्धा! गच्चीवरून साबुदाण्याची पापडी पळवून आणली आहे, असं मी स्टुलावरूनच सांगितलं. वानखेड्यांनी मान डोलावली. दोन निवृत्त माणसांचं एकमत झालं की त्यापुढे सत्याची काय बिशाद!

कुसुम पुढे आली, पदर खोचून वर बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, अंडी हायत ते. पोटाशी लेकरं धरून बसली हाय बिचारी. बाळंतपणाले माहेरी आली असंल."

रश्मीने बसल्या जागेवरून एकच फोटो काढला आणि किड्यांचा अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. उत्तर आलं: घरात राहणारा साधा कोळी, झुरळं खातो, माणसांनी भ्यायचं कारण नाही. पांढरी चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. आणि हो, मिशी माद्यांनाही असते. वानखेडे घरी काम असल्याचं सांगून निघून गेले.

आता रश्मी कूलर लावू देईना. वाऱ्याने कोळ्याची अंडी पडतील म्हणाली. त्या आठ पायांच्या बाळंतिणीला घराबाहेर काढायला कुसुम तयार होईना. शेवटी तिला मागच्या खोलीत हलवायचं ठरलं, आणि हे काम माझ्याकडे आलं. मी भिंतीवर पातेलं उपडं ठेवलं, खालून जुनं कॅलेंडर सरकवलं आणि चालू लागलो. दोन पावलांवर पातेलं धरून उभाच राहिलो.

रश्मी उठली. एक हात पोटावर ठेवून तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. "बाबा, काहून घाबरून राहिले? मी आहे ना."

खरं सांगतो, कोळ्याची भीती केव्हाच गेली होती. ज्या दिवशी रश्मी बॅग घेऊन दारात उतरली, त्या दिवसापासून मला तिच्या बाळंतपणाची धास्ती होती. ती कुणाला सांगता येत नव्हती, म्हणून मी कोळ्याच्या मागे लागलो होतो. जिला जपायचं वचन दिलं होतं, तीच मला जपत मागच्या खोलीपर्यंत घेऊन गेली. तिथे आम्ही दोघांनी मिळून माहेरवाशिणीला भिंतीवर सोडलं. चकती तिच्या पोटाशी तशीच होती.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. बाळ आणि रश्मी, दोघंही सुखरूप. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पुढचं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात वानखेड्यांचा फोन आला.

"काय झालं गा? पोरगा का पोरगी?"

मी डोळे पुसले, बाळाचा चेहरा नीट निरखला आणि म्हणालो, "मिशी तर नाही दिसून राहिली. पण थांबा, कुसुमला विचारून सांगतो."