माझ्याच फोनवर पहिली

बालाघाटच्या लॉजवर काउंटर सांभाळणाऱ्या ताईंनी मला वेबसाइट सर्चमध्ये वर आणायचं काम शिकवलं. आजही फिनाईलचा वास आला की लॉजची फरशी पुसली जात होती ती सकाळ आठवते. लॉजची वेबसाइट सर्चमध्ये पहिली येते, असं मी मालकाला माझ्या फोनवर दाखवलं. त्याच्या फोनवर ती कुठेच नव्हती. “आठवी पास पोराले कामावर ठेवलं, माहीच चूक! महिन्यात दिसली नाही तं गावले जाय,” तो मुसाफिरांसमोर ओरडला. घर लांब, तिथं तोंड काय दाखवू? ताई हळूच म्हणाल्या, “तू रोज तीच साइट उघडतं, म्हून तुलेच वर दिसते, बाबू. लोकं काय इचारतात ते साइटवर लिही.” मग ‘स्टेशनजवळ खोली, गरम पाणी’ असं लिहीत गेलो. महिन्याभरात साइट वर आली, आणि मालकानं माझ्या खुर्चीत भाचा बसवला. आता परक्या शहरात याच कामावर जगतो. ताईंना स्वतःची खानावळ काढायची आहे. त्या खानावळीची वेबसाइट मीच करून देईन.