ग्वेलानचा ठसका

आमच्या वरच्या मजल्यावरची ग्वेलान मूळची हूनानच्या डोंगरातली. लग्न होऊन इथे फोशानला आली आणि सासूच्या स्वयंपाकघरात तिचं तिखट बंद झालं. वाफवलेला मासा, मंद आचेवरचं सूप, पांढरी पेज. सासूला मिरचीचा वासही सोसायचा नाही. ग्वेलाननं कधी ब्र काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात तिची आई वारली. चुलीवर टांगलेला डुकराच्या मांसाचा शेवटचा तुकडा भावानं पाठवून दिला; आईनंच धुरी देऊन ठेवलेला. ग्वेलान कामावर होती. सासूनं पुडकं उघडलं, काळाकुट्ट तुकडा पाहिला आणि खाली कचऱ्यात नेऊन टाकला.

संध्याकाळी मी खाली उतरले, तर ग्वेलान कोपरापर्यंत हात घालून कचरा उपसत होती.

"अगं, काय हरवलं?"

"आईच्या हातचं मांस. विचारत काय बसलीस, बॅटरी धर!"

तुकडा सापडला. वर जाऊन तिनं तो गरम पाण्यात खसाखसा घासला, पातळ कापला आणि तापल्या कढईत मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. अख्खा जिना खोकायला लागला. मी नाकाला रुमाल लावून दारातच थांबले.

"बंद कर! जीव घेतेस का माझा?" सासू किंचाळली. "माझ्या घरात हे चालणार नाही!"

"इतकी वर्षं तुमच्या जिभेचं रांधलं, आई. आता माझ्या जिभेचं."

"आ-विंग, सांग तुझ्या बायकोला!"

आ-विंगच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तू ते टाकायला नको होतंस, आई," तो कसाबसा म्हणाला.

"मग एकतर ती कढई राहील, नाहीतर मी!"

"हवी तर खिडकी उघडते," ग्वेलान म्हणाली. "गॅस बंद होणार नाही."

त्या रात्री ती रडत रडत पोटभर जेवली. सकाळी सासू लेकीकडे निघून गेली. ग्वेलाननं तिची बॅग खाली आणून दिली, पण थांबा म्हणाली नाही.

नव्या वर्षाला सासू परतली. अजून दोघी धड बोलत नाहीत. एकाच टेबलावर एकीची पेज, दुसरीचं लालभडक ताट. यंदा तर ग्वेलाननं गच्चीवर संत्र्याच्या साली आणि भाताचं तूस पेटवून स्वतःच मांसाला धुरी दिली. तिसऱ्या मजल्यावरचे लोक तावातावानं वर आले.

"आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतोय!"

"मग घरात वाळवा," ती म्हणाली, आणि आणखी मूठभर तूस टाकलं.