डाव्या चाकातली ढिलाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही. सांगण्याइतके मोठे नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो — पण मग ते दर वेळी जिभेवर येऊन परत का जाते?

आधी चाक कसे तपासतात ते सांगतो. शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, सवय सुटत नाही. मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि गाडीखाली भक्कम स्टँड द्यावा. चाक म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. नऊ आणि तीनवर हात ठेवून हलवल्यावर ते डुगडुगले, तर दोष बहुधा स्टिअरिंगच्या सांध्यात. बारा आणि सहावर डुगडुगले, तर बेअरिंग तरी किंवा खालचा बॉल जॉइंट तरी. दोहोंपैकी कोणते? त्यासाठी आत बसून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. ढिलाई गेली तर बेअरिंग. राहिली तर बॉल जॉइंट — ज्याच्या आधारावर चाक वळते, तोच.

त्या रविवारी, डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीखाली, आत माझी पत्नी सुनंदा बसली होती.

“अहो, पाय काढू का? कुकर लावून आलेय.”

“दाबून धर.”

“वर्गात उभं केल्यासारखं काय बोलता! निघालं का काही?”

ढिलाई राहिली होती. हाताला स्पष्ट लागत होती — टक्, टक्.

“काही नाही,” मी म्हणालो. “ठणठणीत आहे.”

का म्हणालो? सुनंदा पन्नाशीनंतर गाडी शिकली आणि माझ्याहून सफाईने चालवू लागली. शेजारी तसे बोलूनही दाखवत. मला पाहायचे होते — ही ढिलाई तिला आपण होऊन कळते का? दर आठवड्याला ती कळव्याला आईकडे जाई. परतली की मी विचारायचो, स्टिअरिंग कसे वाटले?

“मस्त! तुम्ही बसलात की तेवढं कुरकुरतं.”

आणि रविवारी मी पुन्हा चाक हलवून पाहायचो. झीज वाढत होती. ती कशी वाढते, यात मला रस होता — हा शब्द मी जाणून वापरतो. मला कळत होते, तिला कळत नव्हते. याचेही सुख होते. सांधा निसटला तर काय होते, हे मला ठाऊक नव्हते का? होते.

कळव्यात, आईला दवाखान्यातून घरी आणताना, गल्लीच्या वळणावर चाक खड्ड्यात गेले आणि मुडपले. गाडी भिंतीला घासून थांबली. वेग नव्हता, म्हणून दोघींना खरचटलेही नाही. हमरस्त्यावर असत्या तर —

“अहो, मला खड्डा दिसलाच नाही,” ती फोनवर रडत होती. “आई होती हो शेजारी.”

मी पोहोचलो तेव्हा मेकॅनिक वाकून पाहत होता. “सर, हा जॉइंट आधीच गेलेला. कधी आवाज नाही आला?”

सुनंदा पलीकडे आईला पाणी पाजत होती. मी म्हणालो, “नाही.”

घरी आल्यावर मी तिला समजावले — असे कुणाच्याही हातून होते, मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे मी तिला क्षमा केली! माझ्या चुकीबद्दल, तिला. आणि तिने ती कृतज्ञतेने घेतली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात ठाण्याहून तिची भाची नवी गाडी घेऊन आली. “मावशी, एक चक्कर मार ना!” म्हणून तिने किल्ली पुढे केली.

“नको गं बाई. माझ्या हातून आई गेली असती तेव्हा.”

मी शेजारीच उभा होतो. भाचीला म्हणालो, टायरमधली हवा नियमित तपासत जा.