कारलं कडू निघालं

रशीदभाईंच्या टोपलीत भाजी नसायची, बाया असायच्या. ऊर्जानगर या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या माझ्या क्वार्टरसमोर सायकल टेकवून ते पहिल्यांदा ओरडले, "साहेब, पार्वताबाई घ्या! एकदम कवळी आहे!" तेव्हा मी नवा आणि एकटा होतो. घाबरून दारच लावून घेतलं. पार्वताबाई म्हणजे तिच्याकडची वांगी, हे शेजारच्या जोशीकाकूंनी पुढे हसत हसत सांगितलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सावली तालुक्यातल्या आपल्या गावात रशीदभाई घरोघरच्या परसातल्या वाडीतली भाजी गोळा करत, पहिल्या एस.टी.च्या टपावर टाकत आणि चंद्रपूरहून सायकलवर कॉलनीत आणत. ज्या बाईच्या वाडीतली भाजी, तिचंच नाव भाजीला. एकदा मी मे महिन्यात मटार मागितला. "मोसमात नाई ते माझ्या टोपल्यात नाई. तुम्ही उन्हाळ्यात स्वेटर घालता का?" म्हणाले आणि दोडका देऊन गेले.

तक्रारही ते त्या बाईपर्यंत नेत आणि पुढच्या फेरीला तिचं उत्तर आणत. जोशीकाकूंनी भेंडी जून म्हटली, तर निरोप आला, "पार्वताबाई म्हणते, भेंडी मोडून पाहाले बोटं नाई का?" काकू आठवडाभर फणफणत होत्या. भेंडी मात्र तिचीच घेत होत्या.

पावसाळ्यात मी अनसूयाबाईंची कारली घेतली. आई कारल्याला मीठ चोळून पिळायची, वर गूळ घालायची. मी पुण्याला फक्त ताटावर बसायचो, त्यामुळे यातलं काही ठाऊक नव्हतं. चिरली, शिजवली, एक घास खाऊन फेकली आणि पुढच्या फेरीला ऐटीत सांगितलं, "तुमची कारली कडू निघाली."

रशीदभाईंनी टोपली खाली ठेवली. "हे मी तिले सांगू?"

"सांगा की! मी काय घाबरतो?"

त्यानंतर टोपली निम्मी रिकामी आली. "कारल्याले कडू म्हणते, त्या कॉलनीत माझी भाजी जाणार नाई," असं म्हणून अनसूयाबाईंनी भाजी बंद केली होती आणि आळीतल्या बाकीच्या बायांनीही हात आखडला होता. रशीदभाई या वेळी हसले नाहीत. "साहेब, जीभ तुमची, पोट माझं. फेरी बंद पडून राह्यली. रविवारी गावाले चला."

गेलो. अनसूयाबाईंनी मला खालून वर न्याहाळलं, पाटावर बसवलं आणि भात-कारलं वाढलं. आळीतल्या बाया दारात दाटीनं उभ्या होत्या. मी डोळ्यांतलं पाणी आवरत ताट पुसून खाल्लं.

"कडू आहे का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "कारल्याइतकं."

"मंग बरोबर आहे!" त्या खदखदून हसल्या आणि उठून वाडीत टोपली भरायला गेल्या. परतताना रशीदभाई एस.टी.त एवढंच म्हणाले, "आता काई दिवस काकडीच घ्या."

पुढे बरीच वर्षं फेरी चालली. एका हिवाळ्यात रशीदभाई गेल्याचं कळलं, तेव्हा कॉलनीतले आम्ही काही जण त्यांच्या घरी गेलो. अंगणात एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला गावच्या बाया. मग अनसूयाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "हे कारलंवाले."

एक बाई पुढे आली. "मी पार्वता. जून भेंडीवाल्या बाई कोन?" जोशीकाकू उठल्या आणि तिचा हात धरून रडायला लागल्या. वर्षानुवर्षं निरोपांतून भांडलेल्या त्या दोघी पहिल्यांदा एकमेकींची तोंडं पाहत होत्या.

निघताना अनसूयाबाईंनी माझ्या पिशवीत लाखोळी डाळीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी कोंबली. "कशी निघाली ते सांगजा."

"सांगतो ना," मी म्हणालो.

एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं, सांगणार कुणाजवळ? घरी येऊन भाजी केली. फार चांगली निघाली. दार उघडून मी उगाच बाहेर बघत बसलो.